आप्पांच्या नावाचा क्यूआर कोड

प्रिय आप्पा,

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही असताना मी फोन करायची, कामाचं बोलायची आणि ठेवून द्यायची. पण आज संध्याकाळी सीएकडे बसून इन्कमटॅक्सच्या पोर्टलवर तुमच्या जाण्याची तारीख भरायची आहे. त्याआधी तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवेना.

तुम्ही गेल्यावर रोडपालीच्या चार खोल्यांचं भाडं बघायचं काम माझ्याकडे आलं. तुमची पद्धत आठवून मी डोक्याला हात लावला. महिन्याच्या पहिल्या रविवारी तुम्ही पनवेलहून स्कूटरवर जायचात. प्रत्येक दारात आधी विचारपूस, मग चहा, मग भाडं आणि शेवटी हाताने लिहिलेली पावती. चार खोल्यांना अख्खी सकाळ! "आप्पा, भाडं घेताय की सोयरीक जुळवताय?" म्हणून मी किती चिडवायची. तुम्ही गालातल्या गालात हसायचात.

आणि मी काय केलं? आता सगळं ऑनलाइनच दाखवायचं तर रोख नकोच, म्हणून तुमच्या फोनमधला क्यूआर कोड छापून जिन्याजवळ चिकटवला. खातं तुमचंच ठेवलं. पोर्टलवरही तुमच्याच नावाने शिरत राहिले. ओटीपी तुमच्या फोनवर यायचा, म्हणून त्या नंबरचं रिचार्ज कधी चुकवलं नाही. बँकेत मृत्यूचा दाखला द्यायचा होता, तो पर्समध्येच राहिला. वेळ मिळाला नाही, असं सगळ्यांना सांगितलं. खरं सांगू? द्यायचाच नव्हता.

सीएने कान उपटले. म्हणाला, "मॅडम, गेलेला माणूस स्वतःचा रिटर्न भरत नाही." वारस म्हणून माझी नोंद करायची, तुमच्या जाण्याची तारीख घालायची. त्या दिवसापर्यंतचं भाडं तुमच्या रिटर्नमध्ये, पुढचं माझ्या. एकाच वर्षाचे असे दोन तुकडे करायचे? मी ते पान दोनदा उघडलं आणि बंद केलं.

त्यातच हिराबाईंचं प्रकरण झालं. मूळच्या उरणच्या, इथल्या मासळीबाजारात बसणाऱ्या, तुमच्या सगळ्यात जुन्या भाडेकरू. क्यूआर कोड लावल्यापासून तीन महिने त्यांचा एक पैसा आला नाही. गेल्या रविवारी मी तावातावाने गेले आणि दारातूनच विचारलं, आप्पा गेले म्हणून भाडं बुडवायचं का? तुम्ही असतात तर आधी घरची खुशाली विचारली असतीत.

हिराबाईंनी फळीवरचा स्टीलचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत तिन्ही महिन्यांचं भाडं होतं, नोटांच्या तीन वेगळ्या घड्या करून.

"सुनेनं फोन धरला जिन्याजवलच्या त्या कागदापुढं, तर आप्पांचंच नाव आलं," त्या म्हणाल्या. "बाय, गेलेल्या मानसाच्या नावानं पैसं टाकलं तर त्याचा जीव हितंच घुटमलतो. आमी असं करत नाय. तुजं नाव येल तवा देईन, म्हनून ठेवलं."

मी तिथेच दारात बसून रडले, आप्पा. तुमच्या दहाव्याला रडले नव्हते. तेव्हा पाहुण्यांच्या जेवणाचं बघत होते ना! हिराबाईंनी चहा ठेवला. मी माफी मागितली, मग त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. तास कसा गेला ते कळलं नाही.

एक विचारू? इतक्या घरांची सुखदुःखं तुम्ही बसून ऐकलीत, मला शेजारी का नाही कधी बसवलंत? की मी बसायची नाही, हे ठाऊक होतं तुम्हाला?

निघताना त्यांनी पावती मागितली. तुमचं पावतीपुस्तक मी बरोबर नेलं होतं. खाली तुमचं नाव लिहायला घेतलं, तर त्यांनी माझा हात धरला.

"तुजं लिव. त्यांना सोड आता."

लिहिलं. अक्षर तुमच्यासारखं नाही आलं.

आज ती तारीख भरते. दाखला उद्या बँकेत देते. जिन्याजवळच्या कागदावर यापुढे माझं नाव येईल आणि कराचं सगळं वेळच्या वेळी, चोख भरलं जाईल. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी मी रोडपालीला जाईन, चारही दारांत बसेन, आधी विचारपूस करेन आणि पावती हातानेच लिहीन. तुमच्या नंबरचं रिचार्ज मात्र आता करणार नाही. मोकळे व्हा, आप्पा.

तुमची लेक,
मेधा