रिकाम्या दगडांसकट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, संग्रहालयाच्या अश्मविभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, चष्मा लावून आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट ज्याला सांगितले तो म्हणाला, "आत्ताच काय घाई आहे?" घाई काहीच नाही. माझे पती (यापुढे 'हे') गेल्या नोव्हेंबरात वारले. मृत्युपत्रात त्यांनी सगळे मला दिले होते आणि मी माझे सगळे त्यांना. त्यामुळे माझे जुने मृत्युपत्र निरुपयोगी झाले आहे, ते रद्द समजावे.

शुद्धीबाबत एक खुलासा. हे गेल्यापासून मला रडू आलेले नाही. भूक लागते, झोप लागते, रात्री दाराला कडी लावायची आठवण राहते. शेजारचे डॉक्टर म्हणतात, येईल. आले तर येवो. तोवर डोके चालते आहे आणि कायद्याला तेवढे पुरते.

कलम १. मिळकत. राहते घर, मागचे अंगण आणि अंगणातली पत्र्याची शेड. शेडमध्ये जमिनीवर दगडांचा एक थर मांडलेला आहे. तो काय आहे हे लिहिणे भाग आहे, कारण सगळे घोडे तिथेच अडले आहे.

हा पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा तुकडा आहे, शाळेच्या एका वर्गाएवढा. तळावर वाळू होती, वाळूवर सूक्ष्मजीवांची चिवट साय, आणि त्या सायीवर जगातल्या पहिल्यावहिल्या प्राण्यांची वस्ती. त्यांना तोंड नाही, पाय नाहीत. कोणी चकतीसारखे, कोणी उभ्या पानासारखे. एका वादळात वरून वाळू आली आणि सगळे जागच्या जागी गाडले गेले. त्या वाळूचा दगड झाला आणि ठसे त्याच्या खालच्या अंगाला उमटले. म्हणून डोंगरातून एकेक दगड काढायचा, पालथा करायचा आणि शेजाऱ्याला शेजारी जुळवून पुन्हा मांडायचा. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी हेच केले. एक टोक ह्यांनी धरायचे, एक मी.

थराच्या एका बाजूला पाणी संथ होते, साय जाड होती. तिथे चकत्यांची दाटी आहे. दुसरीकडे प्रवाह होता. तिथे फक्त उभी पाने, बुडाशी घट्ट रुतलेली. मधले दगड रिकामे आहेत. तिथे साय फाटलेली, वाळू हलती, कोणाला बूड टेकता आले नाही. हे रिकामे दगड काढून टाकले तर दोन्ही वस्त्या एकमेकींना चिकटतात आणि सगळे एकच गाव दिसते. कोण कुठे राहिले आणि का, हे रिकाम्या दगडांवरूनच कळते.

हे म्हणत, "आधी आला त्याची जागा. बाकी सगळा योगायोग." मी म्हणे, जागाच ठरवते कोण टिकणार ते. यावर आम्ही उभा जन्म भांडलो. याहून जुन्या, खोल समुद्रातल्या थरांबाबत त्यांचे बरोबर निघाले, आमच्या थराबाबत माझे. हे त्यांनी मान्य केले होते, फक्त चारचौघांत नाही. म्हणून इथे नोंदवून ठेवते.

कलम २. किरकोळ वस्तू. पहार, कप्पी आणि दोर शेजारच्या गवंड्याला. तो आम्हाला ठार वेडे समजतो, तरी हाक मारली की येतो. ह्यांची आरामखुर्ची माझ्या दिरांना. भाऊजी जेव्हा येत तेव्हा तिच्यातच बसत आणि तिच्यात बसूनच शेडला "वहिनींचा दगडांचा गोठा" म्हणत. आता खुर्ची घरी न्यावी आणि आपल्या छताखाली बसून काय म्हणायचे ते म्हणावे.

संग्रहालयाच्या सध्याच्या संचालकांना वेगळे काही देत नाही. ते माझे विद्यार्थी. समाचाराला आले तेव्हा खिशात मोजायची टेप होती. चहा पिऊन म्हणाले, "मॅडम, ठसे असलेले दगड आम्ही सन्मानाने नेऊ. कोरे कशाला? नुसती जागा खातात." कोरे कशाला, हेच मी त्यांना दोन वर्षे शिकवले होते. पालथ्या घड्यावर पाणी. मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

कलम ३. माझी एकुलती एक मुलगी. लहानपणी तिच्या खोलीत आमचे ठशांवरून घेतलेले रबराचे साचे वाळत पडलेले असत. तो वास तिच्या गणवेशाला लागे आणि मुली नाक धरत. सुट्ट्या डोंगरावर गेल्या. मैत्रिणींना घरी बोलवायची सोय नव्हती, कारण दगडांमुळे दिवाणखान्यात चालायला वाट नसे. तिने कधी फार तक्रार केली नाही, म्हणून आम्हाला वाटले की तक्रार नाही.

हे शेडमध्येच गेले. झाडू हातात होता. मुलगी संध्याकाळी पोचली आणि तिने विचारले, "बाबा कुठे पडले?"

मी सांगितले, "मधल्या रिकाम्या दगडांवर. ठशांना काही झालं नाही, नशीब."

ती म्हणाली, "आई, तू आत्ता काय म्हणालीस?"

मला वाटले तिला ऐकू आले नाही. मी तेच पुन्हा सांगितले.

सगळे आटोपल्यावर ती निघाली. उंबऱ्यात म्हणाली, "या घरात दगडांना जागा होती, मला नव्हती." हे खोटे नाही. त्यानंतर ती माझी खबर घेते, पण डॉक्टरांकडून.

सबब, घर, अंगण आणि शेड मी मुलीला देत आहे, कोणत्याही अटीविना. तिला विकायचे असेल तर खुशाल विकावे. दगडांसकट हे घर कोणी घेणार नाही, म्हणून ठसे असलेले दगड संग्रहालयाने न्यावेत आणि रिकामे गवंड्याने भरावाला वापरावेत. हे लिहिताना हात थांबला नाही. वाईट वाटायला हवे होते, एवढे मला कळते.

कलम ४. वकीलबाई म्हणतात की मुलीला हे मिळू शकले नाही तर काय, हे लिहावेच लागते. तसे झाल्यास सर्व मिळकत महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाकडे जावी. थर आहे तिथेच, आहे तसाच, रिकाम्या दगडांसकट राहावा आणि शेड विद्यार्थ्यांना उघडी असावी. अर्थात हे कलम नावापुरते आहे. मुलगी आहे, धडधाकट आहे आणि घर तिच्या हक्काचे आहे.

कलम ५. हे कलम दुपारी वाढवले आहे. साक्षीला डॉक्टर आणि गवंडी येणार होते. गवंडी हात धुऊन आला, पण वकीलबाईंनी त्याला परत पाठवले. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. केली तर त्याचे मिळणे रद्द होते. गवंड्याला पहार सोडवेना. दुसरा साक्षीदार कुठून आणायचा याचा विचार चालला होता, तेवढ्यात मुलगी आली. ह्यांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत तिला हवी होती. टेबलावर हे मृत्युपत्र पडलेले होते, ते तिने उभ्याउभ्या वाचले. मी अडवले नाही.

वाचून म्हणाली, "म्हणजे बाबा जिथे पडले, ते दगड भरावाला?"

मी म्हटले, "ते रिकामेच आहेत."

"तूच वर लिहिलंयस ना, रिकाम्यांवरूनच कळतं म्हणून?"

"तुला घर द्यायचं आहे. दोन्ही होत नाही."

"मला घर तेव्हा हवं होतं, आई." मग ती खुर्ची ओढून डॉक्टरांच्या शेजारी बसली. "साक्षीदार मी होते."

मी म्हटले, "तू नको. तुझी सही झाली तर तुझं घर जाईल."

"बाई गवंड्याला सांगत होत्या ते दारातून ऐकलं मी. पेन द्या."

वकीलबाईंनी तिला पुन्हा समजावून सांगितले, सावकाश, डॉक्टरांच्या देखत. तिने मान डोलावली. मग वकीलबाई मला म्हणाल्या, आता कलम ३ ला अर्थ उरत नाही, ते गाळून नवी प्रत करू या. मी नको म्हटले. मी तिला दिले होते आणि तिने ते सोडले, हे तिच्या मुलांना वाचायला मिळावे. कलम ४ नावापुरते आहे असे मी लिहिले, तेवढे वाक्य मात्र चुकीचे ठरले आहे.

साक्षीदारांच्या आधी, त्यांच्यासमोर, मी सही करायची असते. ती करताना मला चष्मा दोनदा पुसावा लागला, तरी ती वेडीवाकडी आली आहे आणि शेवटची दोन अक्षरे ओलाव्याने फुटली आहेत. संग्रहालयाच्या जुन्या कागदांवरच्या माझ्या सहीशी ती जुळणार नाही. तरी ती माझीच आहे. याबद्दल कोणी शंका घेऊ नये.

स्थळ: राहते घर, शेडच्या बाजूची खोली
दिनांक: ९ मार्च

मृत्युपत्र करणारी: (सही)

आमच्या समक्ष सही झाली:
साक्षीदार पहिला: (सही) शेजारचे डॉक्टर
साक्षीदार दुसरी: (सही) मुलगी