चौसष्ट मतं आणि एक हॅलो

१५ नोव्हेंबर १९९९, सोमवार
रोजनिशी सुरू. खरं तेवढंच लिहायचं.
नगरच्या एका कॉलेजनं वेबसाईटवर मतदान ठेवलंय. जिल्ह्यातला उत्कृष्ट कॉम्प्युटर शिक्षक. बक्षीस: क्लाससाठी दोन नवे कॉम्प्युटर. माझ्याकडे तीन मशीन, मुलं तीसेक. गरज आहेच. शिवाय जामखेडात कॉम्प्युटर म्हटलं की कानिफनाथ सर, म्हणजे मीच. निकाल उघड आहे.
शुभांगीला सांगितलं. ती म्हणाली, श्रीगोंद्याच्या आसाराम सरांचाही क्लास चांगला चालतो म्हणतात. बायकोला एवढी माहिती कुठून मिळते?

१७ नोव्हेंबर, बुधवार
मतदानाचं पान कुलूपवालं आहे. आपण काय पाठवतो ते वाटेत कुणालाच वाचता येत नाही. मजबूत.
कॉलेजचा सर्व्हर उझ्मा सांभाळते. माझ्या पहिल्या बॅचची. हुशार, पण शिकवलंय मीच.
पहिलं मत स्वतःला दिलं. उमेदवार देतातच.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार
आसारामची मुलं रांग लावून मतं देतायत असं कळलं. माझ्या बाजूनं सामसूम. कारण उघड: खर्डा, नान्नज इकडं लोकांच्या मनात मी आहे, पण घरात इंटरनेट नाही. मग त्यांच्या वतीनं कुणी बोलायचं?
दुपारी नऊ मतं. नावं, गावं वेगवेगळी. वहीत यादी ठेवली, एक नाव दोनदा जायला नको.

२२ नोव्हेंबर, सोमवार
पद्धत पक्की झाली. इंटरनेट फोनच्या लाईनवरूनच येतं, म्हणून प्रत्येक मतानंतर फोन कापायचा. पुन्हा लावला की इंटरनेटवरचा पत्ता नवा. ब्राउझर स्वतःचं नाव सांगतो, तेही सेटिंगमधून बदलायचं. कधी नेटस्केप, कधी एक्स्प्लोरर. प्रत्यक्षात ब्राउझर एकच: मासिकाच्या सीडीवरचा बीटा. बाजारात अजून आलेला नाही. क्लासच्या तिन्ही मशीनवर मी हट्टानं तोच टाकलाय.
शुभांगी म्हणाली, फोन सारखा एंगेज का लागतो? संशोधन, म्हणालो.

२५ नोव्हेंबर, गुरुवार
एकूण एकेचाळीस. थांबलो. हाव नको.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार
सत्काराचा कोट शिवायला नगरला गेलो. क्लासची किल्ली सायली या विद्यार्थिनीकडे दिली होती. परत आलो तर सगळा वर्ग तिन्ही मशीनभोवती. मला पाहताच गप्प. एकानं पटकन स्क्रीन बंद केला. अभ्यास वाढलाय. माझा वचक.

२७ नोव्हेंबर, शनिवार
मतदान संपलं. भाषणाचा मसुदा केला. नम्रता दोन ठिकाणी घातली.

१ डिसेंबर, बुधवार
उझ्माचा फोन. आधी तब्येत विचारली. मग म्हणाली, "सर, तुम्हाला चौसष्ट मतं आहेत. आसाराम सरांना एकोणीस."
चौसष्ट! मी एकेचाळीस धरली होती. (बोललो नाही.)
पुढं म्हणाली, "पण चौसष्टही एकाच ब्राउझरची आहेत."
मी म्हणालो, नावं तर वेगवेगळी असतील. ती म्हणाली, "नाव काहीही सांगता येतं, सर. पण कुलूप लागायच्या आधी ब्राउझर सर्व्हरला हॅलो म्हणतो. तेव्हा स्वतःला कुठकुठली कुलपं जमतात याची यादी उघड्यावर वाचून दाखवतो. नेटस्केपची यादी वेगळी, एक्स्प्लोररची वेगळी. ही यादी दोघांचीही नाही. असा ब्राउझर मी तुमच्याच क्लासात पाहिलाय."
कुलपाच्या आधीचं मी कधी शिकवलंच नव्हतं. हिनं कुठं वाचलं?

२ डिसेंबर, गुरुवार
सायलीला सहज विचारलं. ती लाजली. म्हणाली, "सर, तुमाला सांगायचं नव्हतं. आमी तेवीस जनांनी मत दिलं तुमाला. नवीन कॉम्प्युटर आलं तर लई बरं हुईल."
तेवीस. आसारामला एकोणीस.
म्हणजे मी गप्प बसलो असतो तर...
हा विचार उपयोगाचा नाही.

३ डिसेंबर, शुक्रवार
उझ्माचा पुन्हा फोन. म्हणाली, "हॅलोवरून ब्राउझर कळतो, सर, माणूस कळत नाही. यातली काही मतं मुलांची असणार. खरी कुठली ते तुम्ही सांगा, तेवढी मोजते. आज संध्याकाळपर्यंत."
खोट्या नावांची वही समोरच होती. ती वाचून दाखवायची, की झालं. पण मग ती लिहिली कुणी, हेही आलं. जी माझ्याकडून माऊस धरायला शिकली, तिला हे सांगायचं? शिक्षकाची प्रतिष्ठा ही समाजाची ठेव असते.
मला कल्पना नाही, म्हणालो.
 तिनं "बरं सर" म्हणून फोन ठेवला.

४ डिसेंबर, शनिवार
आसाराम पहिला. मी शून्य. कोट शिवून आला. खांद्यात बसत नाही.
वर्ग सुटल्यावर सायली थांबली. म्हणाली, "सर, आमची मतं पोचलीच न्हाईत का?"
लाईन खराब असेल, म्हणालो.
"न्हाई सर, लाईन चांगली हुती. आमचंच चुकलं असंल. बटन नीट दाबलं नसंल."
मी म्हणालो, असेल. पुढच्या वेळी नीट दाबा.
ती "व्हय सर" म्हणाली, आणि माझी माफी मागून गेली.