बाथटबात भिजलेल्या तबकड्या

ब्रॉंक्स, न्यूयॉर्क
ऑगस्ट १९७६

प्रिय एगबर्टदादा,

धाकट्या इसिल्डाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? ठणकत असेल तर मिठाच्या गरम पाण्याने शेक, आणि वहिनी भिडेपोटी बोलत नसेल तर मी सांगते, त्या गुडघ्याने छपरावर चढू नकोस. तिच्या बोकडांनाही माझी आठवण सांग. आम्ही देवाच्या कृपेने ठीक. रस्त्यावरच्या दोन इमारती जळल्या, आमची उभी आहे. लिफ्ट मात्र चालत नाही.

पत्र तक्रारीचं आहे आणि तक्रार तुझ्याविरुद्ध आहे. किंग्स्टनला लॉरीभर स्पीकर लावून अख्खी आळी तूच नाचवायचास, माईकवरून नाचणाऱ्यांची टर उडवायचास, आणि तेही लहानग्या मार्व्हाला कडेवर घेऊन. (मला सगळ्यांदेखत "टोपीवाल्या बाई, जरा हला की" म्हणाला होतास, ते मी विसरलेले नाही.) आता भोग मी भोगते आहे. तुझी भाची नर्सिंग शिकते असं मी चर्चमध्ये सांगते, आणि ती माझ्या बैठकीच्या खोलीत दोन रेकॉर्डप्लेअर शेजारी शेजारी मांडून उभी असते. इथल्या पोरांना अख्खं गाणं नको असतं. गाणारा गप्प बसतो आणि नुसता ढोल वाजतो, तेवढाच तुकडा हवा. तो संपायच्या आत दुसऱ्या प्लेअरवर त्याच रेकॉर्डची दुसरी प्रत सुरू करायची, तोवर पहिली हाताने मागे फिरवून ठेवायची, की तुकडा संपतच नाही. म्हणजे प्रत्येक रेकॉर्ड दोनदा विकत घ्यायची. मी म्हटलं, हे म्हणजे दोन डावे बूट घेण्यासारखं झालं. शेजारचा हेक्टर (पोर्तो रिकोचा आहे, मला फार मान देतो) माझ्या फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा पसरून त्या तुकड्यापुरते असे हातपाय फिरवतो की त्याच्या आईने दोनदा डॉक्टर बोलावला.

तर मुद्दा असा. शनिवार-रविवारी मार्व्हा मैदानात नाच लावते. पलीकडच्या गल्लीत तसाच नाच लावणारा रूफस त्या गर्दीत मान खुपसून मार्व्हाच्या तबकड्यांवरची नावं वाचतो आणि पुढच्या शनिवारी तीच वाजवतो. त्यावर या लोकांचा उपाय म्हणजे तबकडी बाथटबात भिजवायची आणि मधला नावाचा कागद सोलून काढायचा. गेल्या आठवड्यात मार्व्हाने गठ्ठाच्या गठ्ठा भिजवला. त्यात चुकून माझीही एक गेली, आणि कागद निघाल्यावर सगळ्या सारख्याच काळ्या.

कुठली, ते तुला सांगायला नको. लग्नाच्या वर्षी अल्टनने दुकानात जाऊन स्वतःचा आवाज भरून घेतला होता, ती. तसल्या तबकड्या वाजवल्या की झिजतात, म्हणून मी ती वर्षातून एकदाच, त्याच्या स्मृतिदिनाच्या प्रार्थनेला लावते. (मार्व्हा लहान असताना तो गेला. बापाचा चेहरा तिला फोटोतला माहीत आहे, आवाज या तबकडीतला.) सुरुवातीला खाकरतो, "थांबा थांबा, पहिल्यापासून घेऊ," म्हणतो आणि मग प्रार्थनागीत म्हणतो. कसं म्हणतो, ते तू ऐकलं आहेस.

परवा रविवारी चर्चच्या हॉलमध्ये सगळे जमले, पाद्रीबाबांनी डोळे मिटले, मी सुई टेकवली आणि ढोल सुरू झाला. सिस्टर एन्सी बाप्तिस्म्यालाही हसत नाहीत, पण त्यांचा पाय हलताना मी पाहिला. सुई उचलली. सगळं शांत झालं, आणि खिडकीबाहेरच्या मैदानातून अल्टन मोठ्याने म्हणाला, "थांबा थांबा, पहिल्यापासून घेऊ." सिस्टर एन्सी मटकन खाली बसल्या. पाद्रीबाबांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटून घेतले.

मी हॅट धरून धावत सुटले. मैदानात दिव्याच्या खांबातून वीज ओढून मार्व्हाचा कारभार चालू होता. तिच्या कानाखाली द्यायची, असं ठरवूनच पोचले होते. "बंद कर ते. झिजतोय तो," मी म्हणाले. मार्व्हा रडत होती आणि तिचे हात चालूच होते. "मम्मा, ढोलाची समजून लावली. पप्पा बोलले तशी घाबरून मागे ओढली, तर परत बोलले. आता कसं थांबवू, तूच सांग." माईकवरचा पोरगा ओरडला, "साहेब म्हणतायत पहिल्यापासून, तर घ्या पहिल्यापासून." (अल्टनला जन्मात कुणी साहेब म्हटलं नव्हतं.) त्याला कधी न पाहिलेली ती सगळी पोरं त्याचंच वाक्य त्याच्याबरोबर म्हणत नाचत होती. गाण्यापर्यंत मार्व्हाने त्याला पोचू दिलं नाही, ते एका परीने बरंच झालं. मी तिला थांबवलं नाही. मला फार रडू आलं, आणि तुला म्हणून सांगते, माझे पायही हलले.

असो. तबकडी आता कपाटात कुलपात आहे. तू मामा आहेस, तुझं ती ऐकते. हे धंदे सोड आणि नर्सिंग पूर्ण कर, असं तिला खरमरीत पत्र लिही.

तुझी,
इसिल्डा

ता. क. त्याच पाकिटात तुझ्या मोठ्या स्पीकरच्या खोक्यांची मापं काढून पाठव. तुझा ढोल पोटात वाजायचा, मार्व्हाचा अजून छातीपर्यंतच येतो.

ता. क. आणखी एक. कुलपाची किल्ली मार्व्हाकडेच आहे. आवाज भरला त्या दिवशी अल्टनने दोन प्रती काढून एक तुला दिली होती. ती शोध आणि टॉवेलात गुंडाळून पाठव. एकच तबकडी मागे ओढावी लागते तेव्हा मध्ये क्षणभर तो गप्प होतो, आणि तेवढं मला सोसत नाही. मार्व्हा म्हणते, दोन असल्या तर तो बोलतच राहील.