परवा गैरहजर तो बाद

१४ जुलै, मंगळवार
दुकान लवकर बंद. मागच्या खोलीत खेळ. विलास नाही. एकोडीला त्याच्या शेतात धानाची रोवणी, लावायला बाया आजच मिळाल्या, तसा फोन आला. मग तिघंच : मी, नलू, दिवाकर टेलर. फासे टाकून गुण घ्यायचे आणि पाळी आली की एखादा नियम बदलायचा, हा खेळ मी नि विलासने शाळेत काढला. माझ्या लग्नानंतर नलू त्यात घुसली. आता तिचेच नियम जास्त.

१६ जुलै, गुरुवार
चौघंही हजर. शनिवारी शेवटची बाजी, कोणी दांडी मारू नये म्हणून नलूने नियम लिहून मांडला : ‘परवा गैरहजर तो बाद.’ सगळ्यांचे हात वर. विलासचा आधी. फार पुढे आहे तो. यंदाही त्याचंच. दरवर्षी त्याचंच. वैताग नुसता.

१८ जुलै, शनिवार
विलास चिखलाच्या पायांनी आला. एक फासा पडला की बाजी त्याची. तेवढ्यात दिवाकरने काढलं : नियम गुरुवारी झाला, तेव्हा मंगळवारही परवाच की. नियमात ‘होता’ नाही, ‘असेल’ नाही. लिहिणाऱ्याने अर्थ सांगायचा नाही, हा आमचा जुना नियम, त्यामुळे नलू गप्प. निवाड्याची पाळी माझी.
मी म्हणालो, मागचा परवा. विलास बाद.
तो चिडेल, भांडेल, मग सगळे हसू, असं वाटलं होतं. त्याने चपला शोधल्या. “म्या माह्याच हातानं सोताले बाद केलो का गा?” एवढंच. गेला.
बाजी मी जिंकली.

१९ जुलै
नलू भाजी निवडता निवडता म्हणाली, “शनिवारचंच लिवलं होतं म्या. तुमाले मालूम होतं.”
होतं.

२१ जुलै, मंगळवार
नवा खेळ मांडायचा वार, पण मांडला नाही. मनच नाही. शटर पाडून नलूच्या मावशीकडे जेवायला.

२२ जुलै
एसटीने एकोडी. विलास बांधावर. चहा पाजला, धानाचं बोलला, पाण्याचं बोलला. खेळाचं अक्षर नाही. मीही काढलं नाही. त्यासाठीच तर गेलो होतो. स्वतःची लाज वाटते.

२३ जुलै, गुरुवार
शेवटी मेसेज टाकला : माझा निवाडा चुकला. खेळायला येत जा ना गा.
उत्तर एकच शब्द. ‘परवा.’
जीव भांड्यात पडला. म्हणजे शनिवारी येतो. नलूला दाखवलं. तिने सांगितलं, मंगळवारी सांजच्याला विलासभाऊ आले होते म्हणे. पानठेल्यावाल्याने पाहिलं. बंद शटरसमोर गाडी उभी केली, थोडं थांबले, परत गेले.
“आता कोन्ता परवा, ते तुमीच सांगा.”

२५ जुलै, शनिवार
शटर सताड उघडं. चार स्टुलं मांडली. पाऊस. दिवाकर म्हणतो सुरू करू. मी म्हटलं, थांब.
फोन करून विचारता येईल, कोणता परवा म्हणून. नंबर काढला, ठेवला. लिहिणाऱ्याने अर्थ सांगायचा नाही, हा नियम माझाच.
नलूने पुन्हा चहा ठेवला. चौघांचा.