डाव्या पायाशी पाणी

पोळ्याच्या आधीचा गुरुवार, २००६

प्रिय शुभमच्या बाबांना,

तुमचं पत्र मिळालं. नेहमीसारखं ओसरीत सगळ्यांसमोर मीच वाचून दाखवलं आणि नेहमीसारखंच तुमच्या बाबांनी मधला भाग पुन्हा वाचायला लावला. हे पत्र मात्र अंगणवाडीत बसून लिहिते आहे. पोरं खिचडी खाऊन गेली, मदतनीस भांडी घासते आहे, बाहेर कालपासून झड लागली आहे. फोनवरच सांगितलं असतं, पण घरचा फोन बाबांच्या उशाशी, आणि कोहमाऱ्याच्या फोनवाल्याकडून बोलावं तर मी घरी पोचायच्या आत गोष्ट गावात पोचलेली असते. थकले आहे हो. तब्येत बरी आहे, काळजी करू नका, पण या पावसाळ्यानं आणि तुमच्या त्या गाडीनं जीव मेटाकुटीला आणला.

मागच्या सुटीत तुम्ही साकोलीच्या गुरुजींकडून ती जुनी पांढरी गाडी घेतलीत तेव्हा मी नाक मुरडलं होतं. पुढे आईंना लकवा झाला आणि तीच गाडी कामाला आली, हे कबूल करते. दर सोमवारी बाबा त्यांना पायाच्या व्यायामासाठी गोंदियाला नेतात. आई पुढे, डावीकडे बसतात. आषाढात एकदा दोघं परत आल्यावर मी आईंचा डावा मोजा काढला, तर पिळला असता तर पाणी निघालं असतं. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सुटत होती. त्या पायाला त्यांना काही कळतच नाही ना. गोंदियापासून घरापर्यंत बाई पाण्यात पाय ठेवून बसून आली आणि तिला पत्ता नाही. मला रडूच आलं. साखरेच्या आजारात पायाला जखम झाली तर काय होऊ शकतं, ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. म्हणून मी त्या पाण्याच्या मागे लागले. नाहीतर गाडी गळते की राहते, मला काय करायचं होतं?

मी म्हटलं, गॅरेजात नेऊ. तर बाबा म्हणाले, "पान्याची गोष्ट कोहळ्याले शिकवतेस का वो? आमच्या आज्यानं तलाव बांधला." झालं. पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारी आपली कोहळी जात, त्यापुढे कुणाचं काय चालणार? भेगा बुजवायची लांबी आणि डांबर घेऊन बसले. दारांच्या कडा, टपाच्या पन्हळी, बॉनेट उघडून आत जिथे जिथे बोट जाईल असं भोक लागलं तिथे लांबी. सगळं बोटांनी चाचपून. शेजारचे दुधरामभाऊ म्हणाले, काका तर न बघताच बरोबर भरतात. मलाही तेव्हा कौतुकच वाटलं. पुढच्या पावसात पाणी दुप्पट आलं. मग कोहमाऱ्याच्या मुन्नालालनं समोरच्या काचेचं रबर बदललं, "अब एक बूंद नहीं आएगी, भाभी" म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी पायाशी डबकं. गाडीला कुबट वास यायला लागला. तिच्या पायपुसण्या वाळत घालायला घरात दोरी पुरेना. शेवटी मी आईंच्या पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून पाठवायला लागले. ती बांधताना मला लाज वाटायची, पण करणार काय?

मागच्या रविवारी जरा उघडलं. मी ठरवलं, एकानं आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाणी मारायचं, आणि खालून वर थोडं थोडं सरकायचं, म्हणजे कुठे मारल्यावर आत येतं ते तरी कळेल. बाबा म्हणाले, आत मीच बसतो. आपल्या नेहमीच्या जागी, स्टिअरिंगमागे बसले, हातात बॅटरी घेतली आणि उजेड डावीकडे खाली धरला. मी पाण्याच्या मोटारीचा पाइप घेऊन आधी डावं दार भिजवलं. "कोरडं हाये." काचेची कड भिजवली. "कोरडं." टप भिजवला. "कोरडं हाये म्हनतो ना!" मग वायपरच्या खाली ती जाळी असते ना, तिच्यावर पाइप धरला आणि धरूनच ठेवला. "कोरडं ठणठणीत!" मला वाटलं, नाही सापडत आता. सहज डाव्या काचेतून आत डोकावले. आतल्या पंख्याच्या खालून करंगळीएवढी धार सरळ पायपुसणीवर पडत होती. बॅटरीचा उजेड त्या धारेवरच होता. बाबा तिच्याकडेच बघत होते.

पाइप माझ्या हातातून सुटला, माझीच साडी भिजली. आतून बाबा म्हणाले, "काऊन थांबलीस वो? टाक ना."

मी मोटार बंद केली आणि जाळी काढून आत हात घातला, तर आत चिंचेचा पाला कुजून चिखल झालेला. गाडी आपण चिंचेखालीच ठेवतो, आणि तो पाला इतका बारीक की जाळीतून आरपार जातो. काचेवरून उतरलेलं पाणी त्या जाळीखालच्या पन्हळीत पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली जमिनीवर जातं. एक भोक पाल्यानं बुजलेलं, दुसरं बाबांच्या लांबीनं. मग पाणी चढून पंख्याच्या तोंडातून आत येईल नाहीतर काय करील? तलाव बांधणाऱ्यांच्या घरात गाडीचा सांडवाच बुजवून टाकला होता. आता लिहिताना हसू येतं आहे, तेव्हा आलं नाही. पाला उपसला, लांबी खरवडून काढली, पुन्हा पाणी मारलं. सगळं चाकामागून खाली गेलं. या दोन दिवसांच्या झडीतही आत थेंब नाही. पाला होता, एवढंच बाबांना सांगितलं. म्हणाले, "मी म्हनलोच होतो."

आई ओसरीत खुर्चीवर बसून सगळं बघत होत्या. मी हात धुवायला गेले तेव्हा त्यांनी खुणेनं जवळ बोलावलं. शब्द बोबडे येतात, पण हे मला नीट कळले. "त्याईले सांगू नको, चंदा. गाडी सुटली तं मानूस बसून जाईल." म्हणजे बाबांच्या डोळ्यांचं त्यांना ठाऊक होतं! मग मला एकेक आठवायला लागलं. गाडीत त्यांची सारखी टकळी चालायची, "ट्रक येऊन राहिला जी. म्हैस आहे जी. जरा डावीकडे घ्या. आता जाऊ द्या." मला वाटायचं, आजारी माणसाची कटकट. आणि एरवी शब्दाला शब्द लावणारे बाबा तिच्यावर कधीच चिडत नाहीत, याचं नवल वाटायचं. कोहमाऱ्याच्या चौकात, त्या ट्रकांच्या गर्दीत, आई बघत होत्या आणि बाबा चालवत होते. सुट्टी असली की मागच्या सीटवर शुभम असायचा. खरं सांगते, दोघांचा इतका राग आला की मी त्या दिवशी जेवले नाही.

राग उतरला, भीती काही उतरत नाही. या सोमवारी मी "आतून अजून वाळायची आहे" असं सांगून गाडी काढू दिली नाही, आईंना एसटीनं नेलं. चढवताना मी आणि कंडक्टरनं मिळून उचललं. येताना गर्दीत कुणीतरी त्यांच्या त्याच पायावर उभं राहिलं, आणि त्या मात्र खिडकीबाहेर धान बघत बसल्या होत्या. असं रोज रोज नाही जमणार. बाबांजवळ डोळ्यांचा विषय काढून पाहिला, तर उठून धानाच्या बांधीवर निघून गेले. मोतीबिंदू असेल तर निघेलही, पण आधी दिसत नाही म्हणायला तर हवं. किल्ली मी लपवू शकते. तुम्ही फोनवरून दटावलंत तर ती ते माझ्या पुढ्यात टाकतीलही. पण त्यानंतर ओसरीत बसलेला तो माणूस मला बघवणार नाही.

म्हणून हे पत्र. तुम्ही बाबांना लिहा की चंदाला गाडी शिकवा. तुम्हीच शिकवा, दुसऱ्या कुणाचा मला भरवसा नाही, असं लिहा. माझी सुटी लांबणीवर पडली आहे, आईला न्यायला घरात दोघं तयार असलेले बरे, असंही घाला. तुम्हाला सायकल त्यांनीच शिकवली, तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. तलावाखालच्या मैदानात मी चालवीन, ते डावीकडे बसतील. गिअर कधी बदलायचा ते त्यांना इंजिनाच्या आवाजावरून कळतं, आणि चुकले की माझ्यावर पोटभर ओरडतील. मग हळूहळू सोमवार माझे होतील. तोवर मी एसटीचे बहाणे शोधत राहते. मला वेगळं उत्तर पाठवू नका. तुमचं पाकीट आलं की बाबा ते फोडतील, कागद उलटासुलटा करतील, चष्म्याला नावं ठेवतील आणि माझ्या हातात देतील, गेलं वर्षभर देतात तसं. मी पहिल्यांदाच बघते आहे अशी वाचायला लागेन. त्या ओळीपाशी आल्यावर माझा आवाज अडकेल बहुतेक, आणि ते म्हणतील, "काऊन वो, बरोबर वाचता येत नाही का तुले?" म्हणू द्या.

तुमचीच,
चंदा