परत आलेली सुकट

बाळकुम, सोमवार, ता. ९ जानेवारी १९५६

राघोच्या हाती दिलेली सुकट तशीच परत आली. गाठसुद्धा माझीच, सुटलेली नाही. चार दिवस अंगणात कावळ्यांवर काठी उगारत बसून ती वाळवली मी. आणि तू राघोला सांगितलंस म्हणे, की आजीला सांग, असलं काही इथे धाडू नको, घरमालकीण नाक मुरडते. घरमालकिणीचं नाक तिच्यापाशी. तुझं कुठे गेलं?

आता रीत. चि. मधुस आजीचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे सोडून. राघोचे उपकार मान. मीठ घेऊन कल्याणच्या बाजाराला जातो बिचारा, पुडकं जाताना वाहिलं आणि येतानाही वाहिलं, कुरकुर केली नाही.

तू मुंबईच्या हापिसातून कल्याणच्या शाखेत चौकशीला आला आहेस आणि ठाकुर्लीला खोली घेऊन राहतोस असं तो म्हणाला. कसली चौकशी ते त्याला सांगता येईना, त्यामुळे सगळ्या बाळकुमात तू पोलिसात गेलास असं झालंय. खरं काय ते लिही. त्याच शाखेत आपली बायजा कामाला आहे. माझ्या थोरल्या बहिणीची लेक, तुझी आत्या लागते. दर महिन्याला मला एक कार्ड टाकायची, आता आठ महिने काही नाही. जिवंत आहे का बघ.

माझी माया आहे तिथेच आहे. ती काही सुकटीबरोबर परत आलेली नाही.

तुझी आजी
आवडाबाई


ठाकुर्ली, गुरुवार, ता. १२ जानेवारी १९५६

तीर्थरूप आजीस मधुचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि कान धरले. पुडकं परत करायला नको होतं.

पोलिसात गेलेलो नाही. आमची कंपनी कंदील बनवते. कल्याणच्या शाखेत कंदिलाच्या काचा तपासतात, पेंढ्यात गुंडाळतात आणि पेट्यांत भरतात. साठ माणसं आहेत, त्यांत चाळीस बाया. ही शाखा आधी सगळ्यांत चांगली म्हणून नावाजलेली. गेल्या आठ महिन्यांत काचांची फूट दुप्पट झाली, अकरा जणी काम सोडून गेल्या, उरलेल्या मान खाली घालून असतात. माणसांचं मन का लागत नाही ते शोधून महिनाअखेर अहवाल द्यायचा, हे माझं काम. निघताना मोठे साहेब म्हणाले, की कारण सापडलं नाही तर शाखा बंद करून काम मुंबईला आणू. म्हणजे साठ घरं माझ्या एका कागदावर आहेत, आजे.

इथले मॅनेजर टेंबेसाहेब माणूस भला वाटतो. त्यांच्या खोलीत बसून मी एकेकीला बोलावतो, खुर्ची देतो, विचारतो. सगळ्या एकच सांगतात, की सगळं बरं आहे साहेब. बायजाआत्याही आली. जिवंत आहे, वाळली आहे. तीही मला साहेबच म्हणाली. टेंबेसाहेब समोर होते, मीही ओळख दाखवली नाही. त्यानंतर जेवण जात नाही. तुला लिहू नये असं वाटत होतं, पण लिहिलं.

रागावलीस तरी आशीर्वाद असू दे.

तुझा
मधु


बाळकुम, रविवार, ता. १५ जानेवारी १९५६

चि. मधुस अनेक आशीर्वाद. काल संक्रांत झाली. सोबत तिळगूळ आहे, आधी तो खा, कारण पुढचं कडू आहे.

बायजा पोर असताना माझ्याकडे राहायला यायची आणि तुला काखेत मारून खाडीकाठच्या खाजणात चिंबोऱ्या धरायला जायची. एकदा तू कमरेपर्यंत चिखलात रुतलास. तिने ओढून काढलं. त्या वेळी तिने तुला ओळख दाखवली होती की नाही, ते आठवून बघ.

खुर्ची देऊन विचारलंस तर मीसुद्धा सांगेन, सगळं बरं आहे साहेब. चाळीस वर्षं मिठागरात काढली मी. आगराचा मालक वर्षातून एकदा यायचा, छत्रीखाली उभा राहून विचारायचा, की ठीक आहे ना सगळं? आम्ही म्हणायचो ठीक. मिठाने पायांना बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, पण पाय चिखलात, त्याला दिसणार कुठून? काय दुखतंय ते आम्ही भाकर सोडली की एकमेकींना सांगायचो. म्हणून सांगते, दुपारच्या सुट्टीत कोण कुठे बसून जेवतं ते बघ. आणि रिकाम्या हाताने बघायला जाऊ नको. तो चोरटेपणा झाला. डबा घेऊन जा.

तीच सुकट कांद्यावर परतून राघोबरोबर उद्या पहाटे धाडते, तांदळाच्या भाकऱ्याही आहेत. हे पत्रही त्याच्याच हाती. ह्या वेळी गाठ सोड.

डोळे उघडे ठेव, आशीर्वाद आहेच.

आजी


ठाकुर्ली, बुधवार, ता. १८ जानेवारी १९५६

तीर्थरूप आजीस सा. न. वि. वि.

गाठ सोडली.

टेंबेसाहेबांनी गेल्या उन्हाळ्यात माणसांना जेवायला नवी शेड बांधली आहे. वर पत्रे, आत बाकं, टेबलं, पाण्याचा नळ. सोमवारी दुपारी डबा घेऊन तिथे गेलो. आत निम्मीच माणसं. बाकीच्या शेडमागे भिंतीला पाठ लावून, गटाराच्या कडेला. टेंबेसाहेब मला म्हणाले होते, की त्यांना मोकळी हवा आवडते. मी मागे गेलो, बायजाआत्याशेजारी बसलो आणि डबा उघडला. वास सुटला. सगळ्या आधी डब्याकडे बघायला लागल्या, मग माझ्याकडे. मी तिला आत्या म्हणून हाक मारली. तिने डब्यात डोकावून बघितलं. मग म्हणाली, की हा हात मावशीचा आहे, आणि माझ्या भाकरीतली अर्धी मोडून घेतली. त्यानंतर सगळ्याच बोलू लागल्या.

गेल्या मे महिन्यात मुंबईचे पाहुणे शेड बघायला यायचे होते. धोंडीबा शिपायाने दारात उभं राहून सांगितलं, की ज्यांच्या डब्यात सुकी मासळी आहे त्यांनी मागे बसा, साहेबांचा हुकूम आहे. बायजाआत्याने पहिला घास घेतला होता. डबा उचलून सगळ्यांसमोर उठावं लागलं. तेव्हापासून आगऱ्या-कोळ्यांच्या बाया भिंतीमागे. शेड नव्हती तेव्हा सगळ्या चिंचेखाली एकत्र जेवायच्या, कालवण ह्या डब्यातून त्या डब्यात जायचं. आता आतल्या बाहेरच्यांशी बोलत नाहीत. दुसरीच्या टोपलीत चीर गेलेली काच दिसली, तरी कुणी सांगत नाही. ती तशीच पेटीत जाते आणि वाटेत फुटते. मुंबईचे साहेब ज्याला फूट म्हणतात ती ही.

अहवाल लिहायला घेतला आहे. टेंबेसाहेबांनी जेवणावरून माणसं वेगळी काढली असं सरळ लिहिणार. त्यांची नोकरी गेली तर जाऊ दे.

तुझ्या डब्याने वाट दाखवली. अशीच दाखवत राहा.

मधु


बाळकुम, शनिवार, ता. २१ जानेवारी १९५६

चि. मधुस आशीर्वाद. बायजाने भाकर मोडून घेतली ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. आज गुडघे कमी दुखतात.

पण तुझी लेखणी फार पळते. हुकूम टेंबेचा, असं कोण म्हणालं? धोंडीबा. मग टेंबेला विचारलंस का? कुणीच विचारलं नाही, म्हणून तर आठ महिने गेले. तूही न विचारताच लिहिणार, मग तुला मुंबईहून कशाला धाडला? आणि सुकटीला नाक मुरडणारा तो एकटा नाही. एक पुडकं बाळकुमलाही परत आलं होतं, गाठ न सोडता.

साठ माणसांना जेवायला सावली आणि नळ ज्याने दिला, त्याचे मी आधी आभार मानीन. आमच्या मालकाने चाळीस वर्षांत चार झावळ्या टाकून दिल्या नाहीत. आगराचा बांध फुटला की आम्ही आधी चिखल लावायचो आणि मग मालकाला निरोप धाडायचो. नुसता निरोप धाडून बसलं तर आगर जायचं. टेंबेकडे जा. तोंडावर सांग. तुझ्या पुडक्याचं आधी सांग. त्यानंतर काय लिहायचं ते लिही.

ऐकशील तर माझा, नाही ऐकलंस तरी माझाच.

आजी


ठाकुर्ली, शनिवार, ता. ४ फेब्रुवारी १९५६

तीर्थरूप आजीस मधुचा साष्टांग नमस्कार.

ऐकलं. टेंबेसाहेबांना आधी माझ्या पुडक्याची गोष्ट सांगितली, मग भिंतीमागची. ते खुर्चीतून उठलेच. हुकूम पाहुण्यांच्या त्या एका दिवसापुरता होता! धोंडीबाला बोलावलं. तो म्हणाला, की मागे बसवा असं सांगितलं होतं, पुन्हा आत घ्या असं कुणी सांगितलंच नाही. साहेब समजत होते बायांना हवा आवडते, आणि बाया समजत होत्या साहेबांना आपण नको. टेंबेसाहेबांनी धोंडीबावर ढकललं नाही. एका दिवसाचा असला तरी हुकूम माझा, आणि तो एक दिवससुद्धा चुकीचा, असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भिंतीमागे जाऊन त्यांनी हात जोडले, चूक झाली म्हणाले, आत चला म्हणाले. कुणी हलेना. मग त्यांनी आपला दहीभाताचा डबा आणला आणि गटाराच्या कडेला बायजाआत्याशेजारी बसले. आत्या म्हणाली, की उठा साहेब, पांढरं धोतर आहे, तुमच्या घरचे आम्हाला शिव्या देतील, चला आतच बसू. तेव्हा सगळ्या उठल्या. आत ते नाकाला रुमाल लावून बसले, पण जेवले तिथेच. भिंतीमागच्यांतली शेवंती म्हणून एक आहे, तिने विचारलं, की साहेब, रुमालातून भात आत जातो का? आधी तेच हसले.

घडलं तसं अहवालात लिहिलं. माझं पुडकंही लिहिलं. काल मुंबईचं उत्तर आलं. शाखा राहिली. टेंबेसाहेबही राहिले. परवा आतल्या बाकावरची एक जण शेवंतीवर ओरडली, की अगं, डोळे फुटले का, ह्या काचेला चीर आहे. ते ओरडणं ऐकून मला किती बरं वाटलं, काय सांगू.

आजे, तुझे उपकार कुठल्या अहवालात लिहू? टेंबेसाहेबांनी तुला नमस्कार सांगितला आहे. आहेस तशी बोलत राहा.

मधु


बाळकुम, मंगळवार, ता. ७ फेब्रुवारी १९५६

चि. मधुस अनेक आशीर्वाद. साठ चुली राहिल्या. गावदेवीला नारळ फोडला, तुकडा सोबत धाडला आहे, धोंडीबालाही दे. त्याने सांगितलं तेवढं केलं. असली माणसं आगरातही होती, पाणी सोड म्हटलं तर बंद कर म्हणेपर्यंत सोडणारी.

उपकार माझे मानू नको. मी घरात बसून बोलले, त्यात काय लागतं? राघोचे मान. टेंबेसाहेबांचे मान, गटाराकडेला बसायला छाती लागते. आणि बायजाचे मान. तिने तुलाही उठवून लावलं नाही आणि त्यांनाही बसू दिलं नाही. घरमालकिणीसमोर तू आता सुकट भाजतोस आणि ती खिडक्या उघडते, असं राघो सांगतो. उघडू दे. घरात हवा येईल.

एक राहिलं. नवरा वारल्यावर बायजा तीन वर्षं माझ्यापाशी होती. साक्षरतेच्या वर्गात आम्ही दोघी एका पाटीवर गिरवायचो. माझा म वाकडा यायचा, ती पुसून पुन्हा काढून द्यायची. मला लिहिता येतं ते तिच्यामुळे. आठ महिने तिचं कार्ड का आलं नाही ते आता कळलं. घास तोंडात असताना जिला उठवलं, ती काय लिहिणार, सगळं बरं आहे? ते तुझ्यासारख्या खुर्चीवाल्याला सांगता येतं. मला नाही.

माया आहे. मोजायला बसू नको.

आजी

ता. क. सोबत कोरं कार्ड आहे, त्यावर पत्ता मी माझ्या हाताने घातला आहे. ह्या पत्राला तू उत्तर द्यायचं नाही. बायजाने द्यायचं. तिला शेडमध्ये टेबलाशी बसव, कार्ड पुढ्यात ठेव आणि तू पाठ फिरवून बस.