अडतीस दारांची एकच किल्ली

काल दुपारी नर्सबाईंच्या घराची किल्ली माझ्या दाराला लागली. हे खुद्द नर्सबाईंनीच पडताळून पाहिले. पहिल्यांदा चुकून, नंतर दोनदा मुद्दाम. त्या माझी औषधे घेऊन आल्या होत्या. माझी लाल दोऱ्याची किल्ली त्यांच्याकडे असतेच, पण घाईत त्यांनी स्वतःची लावली आणि दार उघडले.

"काका, हे काय आहे?" त्यांनी उंबऱ्यातूनच विचारले.

"बसा, सांगतो."

सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी दोन्ही किल्ल्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या. मग म्हणाल्या, "गल्लीला तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मीच सांगतो. पण लिहून. तोंडी सांगायला बसलो तर मी स्वतःची बाजू घेईन."

मृत्युपत्र करायचे चार वर्षे राहूनच जात होते. म्हणून दोन्ही कामे एकाच कागदावर उरकतो आहे.

मी, वय एकाहत्तर, धंद्याने कुलूपवाला, हे स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. नर्सबाईंचे आहे, पण ते योग्य आहे. डॉक्टरांनी आज सकाळी मला तपासून दाखला दिला. "डोकं ठणठणीत आहे. गुडघ्यांचं मात्र मला विचारू नका," असे ते म्हणाले. यापूर्वी मी कुठे काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

कलम एक. वरच्या दोन खोल्या माझ्या आणि माझ्या पत्नीच्या कष्टाच्या आहेत. त्या माझ्या पश्चात माझ्या मुलीला मिळाव्यात. ती बस चालवते, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि दर बुधवारी येऊन माझी भांडी माझ्यापेक्षा स्वच्छ घासते. तिने इथे राहावे अशी अट घालत नाही. तिला फोनवर हे कलम वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मृत्युपत्र लिहिताय की मला बोलावणं पाठवताय?" दोन्ही, असे समजावे. स्वयंपाकघराची खिडकी उघडताना खालून धक्का द्यावा लागतो. तिची आई तो कोपराने देत असे आणि गाणे मध्ये तोडत नसे.

कलम दोन. तळमजल्यावरचे दुकान गल्लीला द्यावे. ही गल्ली आज पाहणाऱ्याला ती पूर्वी काय होती याची कल्पना येणार नाही. चार भाषांची अडतीस घरे, आणि जिन्यात समोरासमोर आलो तरी आम्ही भिंतीकडे पाहत असू. दिवे फुटलेले, गटार तुंबलेले. टपालवाला गल्लीच्या तोंडाशीच उभा राहून नावे पुकारायचा. खिडक्यांना गज, दारांना साखळ्या. माझा धंदा तेव्हा फार चांगला चालत होता, हे सांगायला मला आता लाज वाटते. मग सरकारी कचेरीने प्रत्येक भिंतीवर कागद चिकटवला: राहण्यास अयोग्य. नर्सबाई तेव्हा नुकत्याच राहायला आल्या होत्या. त्यांनी तो कागद सोलून काढला, गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकच प्रश्न विचारायला लागल्या, "तुमच्या घरात आधी काय दुरुस्त करायचं?" आठवडाभरात तिथे अकरा खुर्च्या झाल्या.

बंद पडलेला धोबीखाना आम्ही आमच्या हातांनी साफ केला. तिथल्या दगडी टाक्यांवर फळ्या टाकून बैठका सुरू झाल्या. बैठकीचा नियम नर्सबाईंनीच घातला आणि तो आजही चालतो. प्रत्येक वाक्य चारही भाषांत सांगायचे. शेवटच्या भाषेत सांगून होईपर्यंत कोणी मान हलवायची नाही, हसायचे नाही, रागवायचे नाही. आणि ज्याने शेवटी ऐकले, त्याने आधी बोलायचे. पहिल्या दिवशी एका नळावर तीन तास गेले. पण नळ बसला. मग दिवे, मग गटार, मग जिन्याचे कठडे.

कलम तीन, कबुलीचे. कचेरीने मुदत दिली होती. ठरलेल्या दिवसापर्यंत प्रत्येक घराला धड दार आणि धड कुलूप दिसले नाही, तर नोटीस कायम. सुतार आणि गिलावेवाला दिवसरात्र राबले. कुलपांचे मी अंगावर घेतले. एका कारखान्याने गोदामांसाठी बनवून घेतलेली आणि शेवटी न उचललेली कुलपे मला मिळाली. पुड्यांवर वेगवेगळे आकडे होते. ते किल्ल्यांचे नसून गोदामांच्या दारांचे होते. पहारेकऱ्याला जुडगा वागवावा लागू नये म्हणून सगळ्यांना एकच किल्ली केली होती. तीस वर्षे या धंद्यात असलेल्या कुलूपवाल्याने हे तपासायला हवे होते. मी तपासले नाही.

कुलपे लागली, नोटीस उठली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी दमून घरी येताना एक मजला कमी चढलो आणि माझ्या किल्लीने भलतेच दार उघडले. आतले कुटुंब जेवत होते. त्यांना वाटले, दार उघडेच राहिले असेल. "या, बसा," ते त्यांच्या भाषेत म्हणाले. त्या भाषेतले मला तेव्हा एवढेच कळत होते. मी बसलो, जेवलो, आणि काही बोललो नाही.

त्याच आठवड्यात लोकांनी खिडक्यांचे गज काढायला सुरुवात केली होती. मी बोललो असतो तर गज परत चढले असते. हे कारण खरे आहे. माझी अब्रू गेली असती, हे दुसरे कारणही खरे आहे, आणि तेच जास्त जड होते. अकरा वर्षे गेली. त्या किल्लीने कोणाची सुईसुद्धा हलली नाही.

कलम चार. माझा लोखंड पकडायचा मोठा शेगडा आणि उभी शिडी गिलावेवाल्याला द्यावी, माफीसकट. कुलपे लावून दोन महिने झाले होते. शिवणकाम करणाऱ्या आजी न्हाणीत पडल्या आणि घराचे दार आतून कुलूपबंद. मी लोकांकडे पाठ केली, उगाच तार खुळखुळवली आणि माझ्या घरची किल्ली फिरवली. आजी वाचल्या. रविवारच्या बैठकीत माझे कौतुक झाले. नियमाप्रमाणे आधी बोलायचे होते गिलावेवाल्याला, कारण त्याची भाषा शेवटची. तो म्हणाला, "इतक्या झटकन परकं दार उघडायची सवय प्रामाणिक माणसाला कुठून लागते?" हे चारही भाषांत सांगितले गेले, तेव्हा तो अपमान मी चार वेळा गिळला. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. माझ्या पत्नीच्या शेवटच्या दिवशी तो जिन्यात दोन तास उभा होता. तरीही मी बोललो नाही. त्याचा संशय चुकीचा होता, पण प्रश्न बरोबर होता.

कलम पाच. पलंगाखालच्या निळ्या पेटीत अडतीस पुड्या आहेत. प्रत्येकीत एका कुलपाच्या आतल्या बदली पिना (कोणती किल्ली लागेल ते त्या ठरवतात) आणि दोन नव्या किल्ल्या, सगळ्या वेगळ्या, या वेळी तपासलेल्या. दरवर्षी थोड्या थोड्या करून ठेवल्या. लावण्याचा धीर झाला नाही. दर दारामागे दहा मिनिटे लागतील. माझ्या मुलीला हे काम येते. त्या लावायच्या की नाहीत, हे गल्लीने ठरवावे. बाकीची हत्यारे धोबीखान्याच्या फळीवर राहावीत आणि वापरणाऱ्याने ती पुसून ठेवावीत.

या सगळ्याची अंमलबजावणी नर्सबाईंनी करावी.

सही: कुलूपवाला

साक्षीदार: डॉक्टर.
साक्षीदार: टपालवाला, जो आता माझ्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. दोघांनी माझी सही पाहिली. मजकूर वाचलेला नाही.

ठिकाण: माझे दुकान. तारीख: १४ मार्च, शुक्रवार.

वाचनाबद्दल: हा कागद मी मरेपर्यंत मिटून ठेवायचा नाही. परवा रविवारी सकाळी दहा वाजता धोबीखान्यात तो मीच वाचणार आहे, एकेक वाक्य, आणि प्रत्येक वाक्यानंतर तीन भाषांसाठी थांबणार आहे. माझ्या भाषेच्या लोकांना सगळ्यांत आधी कळेल, पण त्यांना मान हलवता येणार नाही. मुलगी पहिल्या बसने येते आहे. शेवटच्या भाषेत नर्सबाई सांगतील. त्यानंतर गिलावेवाला बोलेल.